खोडलेलं माप

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमची आश्रमशाळा दोन दिवसांत ओस पडायची. पोरं पत्र्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन डोंगरातल्या आपापल्या पाड्यांवर निघून जायची, शिक्षक एसटी धरून आपापल्या गावी, स्वयंपाकीण तिच्या लेकीकडे. मी मात्र त्या वर्षी मागे राहिलो. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्यापासून एसटीने तासाभरावर शाळा होती आणि शाळेच्या मागे शिक्षकांसाठी पत्र्याचं छप्पर घातलेल्या चार खोल्या होत्या. त्यातली शेवटची माझी. मी विज्ञान शिकवायचो. वय एकतीस. बायको आणि मुलगी धुळ्याला, बायकोच्या माहेरी. आणि मी इथे, छपरावर एक निळी काच ठेवून खाली तिचे आकडे मोजत बसलेलो.

निळी काच म्हणजे सोलर पॅनल. शाळेत वीज नव्हती, खांब दीड कोसावर येऊन थांबले होते. म्हणून मुलांना टीव्ही दाखवायला वरून कुणीतरी हा पॅनल आणि एक बॅटरी पाठवली होती. टीव्ही वर्षभरात बंद पडला. पॅनल कोठारात, फुटक्या बाकांच्या मागे उभा राहिला. त्यावर कोंबडी बसायची. त्याची आठवण कुणालाच नव्हती. मला झाली, कारण मला उजेड हवा होता आणि तो हट्टाने हवा होता.

त्याचं कारण असं. मुलगी नऊ महिन्यांची असताना एकदा संध्याकाळी बायको तिच्यासाठी दूध तापवायला उठली आणि तिच्या पायाला विंचू चावला. मुलगी तिथेच खाली रांगत होती, हातभर अंतरावर. कंदील होता ना घरात, नव्हता असं नाही. पण कंदिलाचा उजेड जमिनीपर्यंत जेमतेम पोचतो आणि कोपऱ्यात तर पोचतच नाही. बैलगाडीतून तिला चोपड्याला नेलं. दोन दिवस ती तळमळत होती. दुखणं गेलं, पण भीती गेली नाही. अंधार पडला की ती मुलीला कडेवर घ्यायची ती झोपेपर्यंत खाली ठेवायची नाही. महिनाभर असं झाल्यावर तिचे वडील आले आणि दोघींना धुळ्याला घेऊन गेले. मीच म्हटलं, जा म्हणून. तोंडाने म्हटलं, मनात नव्हतं.

पुढच्या दीड-पावणेदोन वर्षांत मी तिकडे दोन-तीनदाच गेलो. शेवटचा गेलो तो होळीला. तेव्हा ती मला शांतपणे म्हणाली, "मला पंखा नको, टीव्ही नको, काही नको. रात्रभर जमिनीवरचा विंचू दिसला पाहिजे. तेवढं करा, मी दुसऱ्या दिवशी येते."

तेवढंच तर मागत होती. परतीच्या एसटीत मला तो पॅनल आठवला. तापीचा पूल येईपर्यंत मी मनात वायरसुद्धा ओढून टाकली होती.

मुख्याध्यापक व्यवहारी माणूस. मी विचारलं तर ते म्हणाले, "सुट्टीत घरी न्या, तपासा. पाठीमागच्या पाटीवर लिहिलंय तेवढी वीज देत असेल तर तसा तक्ता भरून द्या, मी वर पाठवतो आणि खुशाल तुमच्या खोलीवर लावा. देत नसेल तर नादुरुस्त म्हणून परत जाईल." आणि मग आवाज खाली आणून, "मास्तर, लिहूनच टाका ना पाटीवरचे एकवीस व्होल्ट. इथे डोंगरात कोण मोजायला येतंय?"

मी ताठ झालो. म्हटलं, "सर, मी खोटे आकडे लिहिणाऱ्यातला नाही." माझ्या नाकावर तेव्हा फार राग असायचा, आणि खरेपणाचा टेंभाही होता. ते हसले आणि त्यांनी किल्ली दिली.

बायकोचं पत्र आलं होतं, सुट्टीत इकडेच या. मी उलट लिहिलं, येत नाही, घर उजेडाचं करूनच तुम्हाला न्यायला येतो. आता वाटतं, केवढा मोठा तोरा होता. तिने माणूस बोलावला होता आणि मी दिवा घेऊन जायच्या गोष्टी करत होतो.

तर तपासणी. चोपड्याच्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून मी मीटर मागून आणला, काट्याचा, चामड्याच्या पिशवीतला. पॅनल धुऊन पुसून छपरावर चढवला. वाऱ्याने उडू नये म्हणून पत्र्यावर सपाट टेकवून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. दोन वायरी पत्र्याच्या फटीतून आत खोलीत सोडल्या आणि टेबलावर मीटरला जोडल्या. म्हणजे आकडा बघायला दर वेळी वर चढायला नको. वहीच्या पानावर पट्टीने रकाने आखले: वेळ, व्होल्ट, अँपिअर, शेरा. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत, दर तासाला एक नोंद. सात दिवस. वर्गात पोरांना शिकवतो तसंच, रीतसर.

पहिल्या दिवशी सकाळी आठला काटा साडेएकोणीसवर. मी खूश. एवढ्या कोवळ्या उन्हात एकोणीस तर दुपारी काय होईल, पाटीवरचे एकवीस तर सहज ओलांडेल. खानदेशातलं वैशाखाचं ऊन! आमच्याकडे दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, नळाचं पाणी चहाला चालेल इतकं कढत येतं. जगात कुठे नसेल तेवढं ऊन आपल्याकडे फुकट पडलंय, याचा मला तेव्हा अभिमान वाटत होता.

दहाला काटा अठरावर आला. बाराला साडेसतरा. दीड वाजता सतरा आणि वर एक रेघ.

मी मीटरवर टिचकी मारली. वायरी सोडवून पुन्हा जोडल्या. छपरावर चढलो, पत्र्याला हात टेकला तर तळहात भाजला. पॅनल पुसला. खाली येऊन पाहिलं, सतराच. संध्याकाळी पाचला, ऊन उतरल्यावर, काटा हळूच परत अठरावर. म्हणजे ऊन वाढलं की वीज कमी आणि ऊन उतरलं की जास्त. उलटंच सगळं. मी तेव्हाच मनाशी निदान केलं की आत कुठेतरी एखादा सांधा सैल आहे, तो तापला की सुटतो. निदान करायला मला कधी वेळ लागला नाही. अँपिअर दुपारी भरपूर येत होते, तेही मीच लिहीत होतो, पण त्या रकान्याकडे बघायची मला शुद्ध नव्हती.

शाळेच्या कुंपणाला लागून एका शेतकरी कुटुंबाचा केळीचा मळा होता. त्या घरातली म्हातारी, आम्ही सगळे तिला अक्काच म्हणायचो, रोज अकराच्या सुमारास केळीच्या पानात गुंडाळून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन यायची. सुट्टीत शाळेचं स्वयंपाकघर बंद असतं आणि हा माणूस खिचडीवर दिवस काढतोय, हे तिने न सांगता ओळखलं होतं. पहिल्या दिवशी तिने मान वर करून छपराकडे पाहिलं.

"मास्तर, हाई काय वाळाडाले ठेयेल शे?"

वाळवण नाही अक्का, वीज करतोय, मी सांगितलं. तिने मान डोलावली. मग म्हणाली, "सुट्टी लागनी ना? मंग घर का नही गयात?"

मी म्हटलं, हे झालं की जाणार, मंडळींना घेऊनच येणार. तिला ते पटलं नाही हे तिच्या तोंडावर दिसलं. पण तिने भाकरी ठेवली आणि गेली. त्यानंतरचे चोवीस तास मी कुणाशी बोललो नाही. हे असं रोज व्हायचं. दिवसभरात चार वाक्यं, तीही अक्काशी. बाकी वेळ मी आणि तो काटा. दोनशे पोरांचा गलका ज्या आवारात असतो तिथे माणूस नसला की ते फार मोठं वाटायला लागतं. दुपारी मैदानावरून वारा धूळ घेऊन जायचा आणि वसतिगृहाचं एक दार सारखं आपटत राहायचं. मी ते जाऊन लावत नव्हतो. निदान तो तरी आवाज असू दे, असं वाटायचं. मी मोठ्याने आकडे वाचू लागलो. "अकरा वाजले. सतरा पूर्णांक सहा." कुणाला सांगत होतो कोण जाणे.

सात दिवस झाले, तक्ता वाईट आला. पण मी हट्टाला पेटलेलो. म्हटलं, जागा बरोबर नसेल. छपरावर कडुनिंबाची एक फांदी झुकली होती, सकाळी जरा वेळ तिची सावली यायची. ऊनच कमी पडत असेल! मी पॅनल उतरवला आणि मळ्याच्या बांधाजवळच्या काळ्या खडकावर नेऊन ठेवला. तिथे अक्काच्या घरच्या मिरच्या वाळायच्या. गावात त्याच्याइतकी तापणारी जागा दुसरी नव्हती, सकाळी घातलेली मिरची संध्याकाळी कडकडीत. सावली कशी ती नाहीच. ह्यापेक्षा जास्त ऊन मी त्याला कुठून आणून देणार होतो? दुपारी एकला मी टॉवेल डोक्याला गुंडाळून, मीटर मांडीवर घेऊन खडकाजवळ उकिडवा बसलो. सोळा पूर्णांक आठ.

मला रडू आलं. खरंच आलं. एकतीस वर्षांचा माणूस मिरच्यांशेजारी बसून एका काचेसाठी रडला, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला त्या काट्यात सतरा-अठरा काही दिसत नव्हतं. ती येते की येत नाही, एवढंच दिसत होतं.

रात्री बॅटरीला ट्यूब जोडून पाहायचो. दिवसा नोंदींच्या मधल्या वेळात पॅनलला लावलेली बॅटरी अर्धीच भरलेली असायची. दीड-दोन तास ट्यूब चांगली जळायची, मग पिवळी पडायची, मग टोकांना काळपट होऊन फडफडायची. रात्रभर दिसला पाहिजे, असं ती म्हणाली होती. दीड तासाचा उजेड घेऊन मी कुठल्या तोंडाने तिला बोलावणार होतो?

पॅनल परत छपरावर आणला आणि सगळी तपासणी पहिल्यापासून सुरू केली. ज्या दिवसाबद्दल मला सांगायचं आहे तो ह्या दुसऱ्या फेरीतला. दुपारचे साडेतीन-चार झाले असतील. अंगाची लाही होत होती. मी ओला टॉवेल छातीवर टाकून खाटेवर पडलो होतो, डोळा लागला नव्हता. टेबलावर मीटर, काटा सतरा पूर्णांक चारवर, तीनची नोंद करून झाली होती. एकाएकी छपरावर धो धो आवाज झाला. पत्रा चरचरला. फटीतून चार थेंब माझ्या अंगावर पडले. मी दचकून उठलो आणि माझी नजर काट्यावर गेली. काटा चढत होता. अठरा. साडेअठरा. एकोणीस. एकोणीस पूर्णांक सहावर जाऊन तो थांबला.

मी तसाच उघडा बाहेर धावलो. शिडीवर अक्का उभी होती, हातात रिकामी बादली, दुसरी बादली खाली भरलेली. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी छपरावर पाणी मारतात, म्हणजे आत जरा निजता येतं. तिने आपल्या घरावर पाणी मारून झाल्यावर विहिरीवरून दोन बादल्या माझ्यासाठी वाहून आणल्या होत्या. सत्तरीची बाई.

"अक्का, काय केलंत हे! पाणी गेलं ना त्यात! सगळं वाटोळं केलंत!" मी ओरडलो. आईच्या वयाच्या बाईवर ओरडलो.

ती शिडीवरून एकेक पाय टाकत उतरली. "तुम्हले गरम व्हई राह्यनं व्हतं, म्हनीसन पानी टाकं," ती म्हणाली. मग बादल्या उचलताना, स्वतःशीच, "बठ्ठं पानी वाया गयं मंग."

दुसरी बादली तिने कुंपणाच्या केळीला ओतली आणि गेली. मी आत येऊन वहीत पाहिलं. पेन्सिल हातात होतीच. घाईत जाता जाता मी आकडा लिहून ठेवला होता, ती सवयच लागली होती: चार वाजता, एकोणीस पूर्णांक सहा. मी पट्टी घेतली, त्या ओळीवर सरळ रेघ मारली आणि शेऱ्यात लिहिलं, पाणी पडल्यामुळे चुकीचं माप. बाकी सगळ्या ओळी तशाच ठेवल्या. खोटे आकडे मला ठेवायचे नव्हते ना.

दुसऱ्या दिवशी अक्का आली नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या नातसुनेकडून भाकरी आली. अक्का पुढे यायला लागली, पण सुट्टी संपेपर्यंत नाही. मग ती चार वाक्यंसुद्धा गेली.

बावीस दिवस मोजून मी तक्ता पुरा केला, खाली शेरा लिहिला, नादुरुस्त, आणि सही केली. सुट्टीवरून परतल्यावर मुख्याध्यापकांनी तो वाचून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "लावून टाका हो तसाच, मी काही बोलत नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, नको, जे आहे ते आहे. त्यांनी हात टेकले. पॅनल पुन्हा फुटक्या बाकांच्या मागे गेला. आणि मी धुळ्याला पत्र टाकलं: पॅनल नादुरुस्त निघाला, यंदा येऊ नकोस, पुढच्या वर्षी काही तरी बघतो.

तिचं उत्तर आठ दिवसांनी आलं, कार्डावर. ठीक आहे. इथल्या बालवाडीत बाईंची जागा निघाली आहे, ती धरते. मुलगी बरी आहे. तब्येतीला जपा.

ते 'ठीक आहे' वाचून माझं डोकं फिरलं. ठीक आहे म्हणजे काय? मी बावीस दिवस करपलो आणि हिचं आपलं ठीक आहे? तिने दोन ओळी तरी हळहळून लिहाव्यात, असं मला वाटत होतं. मी रुसलो. गणपतीला गेलो नाही. दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहावर थांबायला कुणीतरी लागतं, ती पाळी मी आपण होऊन मागून घेतली. सगळ्यांना वाटलं, मास्तर किती चांगले. तिने दोनदा विचारलं, येताय का? मी दोनदा कळवलं, काम आहे. त्या रुसव्यात काय गेलं ते मला तेव्हा कळायला हवं होतं. आमचा संसार पुढे सहा वर्षं दोन गावांत झाला, आणि त्याची सुरुवात त्या सहीपासून आणि ह्या रुसव्यापासून आहे. मी कुणावर ढकलत नाही.

मार्गशीर्षात वरून एक तंत्रज्ञ आला, जीप घेऊन. आसपासच्या शाळांतले नादुरुस्त पॅनल गोळा करत फिरत होता. तिशीच्या आतला, स्वेटर घातलेला, बोलायला गोड. मुख्याध्यापकांनी माझा तक्ता त्याच्या हातात दिला. एवढा व्यवस्थित तक्ता त्याने पाहिला नव्हता, तसं तो म्हणालाही. मी जरा फुशारलो. तो एकेक पान उलटत गेला आणि एका ठिकाणी थांबला.

"सर, ही ओळ का खोडली?"

मी सांगितलं, म्हातारीने पाणी टाकलं होतं, माप बिघडलं.

त्याने लगेच पॅनल बाहेर काढायला लावला. पटांगणात दोन विटांवर तिरका उभा केला, मागून वारा जाईल असा. सकाळचे अकरा होते, थंडीतलं स्वच्छ ऊन, अंगाला बरं वाटणारं. त्याने आपला मीटर लावला आणि मला बोलावलं. वीस पूर्णांक सहा.

"चांगला आहे की सर. अगदी उत्तम आहे. ह्याला उजेड पाहिजे, ताप नको. तुम्ही तापल्या पत्र्यावर चिकटवून ठेवला होता ना? तापला की ह्यांचे व्होल्ट पडतात. तुमच्या सगळ्या वहीत खरं काय चाललंय ते दाखवणारी ओळ हीच आहे." त्याने खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं. मग पॅनल उलटा करून पाटीवरची बारीक इंग्रजी अक्षरं दाखवली. एकवीस व्होल्टच्या शेजारी लिहिलं होतं, पंचवीस अंश तापमानाला. मी ती मे महिन्यात वाचली होती. विज्ञानाचा शिक्षक मी, मला वाटलं, प्रयोगशाळेतलं काहीतरी असेल, आपला काय संबंध. आम्हा खानदेशच्या माणसांना तापाशिवाय ऊन माहीतच नाही. ऊन म्हटलं की दोन्ही एकदमच अंगावर येतं. त्यातलं एक ह्याला लागतं आणि दुसरं बाधतं, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

त्याच दिवशी पॅनल माझ्या छपरावर चढला, लोखंडी पायांवर, पत्र्यापासून वीतभर वर. बॅटरी भरली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठलो तेव्हा ट्यूब चालू होती आणि जमिनीवरची मुंगीसुद्धा दिसत होती. मी कोपरे पाहिले, खाटेखाली पाहिलं. विंचू नव्हता. कुणीच नव्हतं. आता उशीर नको म्हणून शनिवारी अर्ध्या शाळेतून सुटलो आणि चोपड्याहून अमळनेर, अमळनेरहून धुळे. पिशवीत तक्ता होता. तो दाखवून मी तिला काय पटवणार होतो देव जाणे.

ती बालवाडीतून नुकती आली होती. सासूबाई आत निजल्या होत्या, मुलगी शेजारी खेळायला गेली होती. मी बसल्या बसल्या सगळं सांगितलं, पत्रा, खडक, पाणी, खोडलेली ओळ, काहीही राखून ठेवलं नाही. तिने तक्ता हातात घेऊन त्या ओळीकडे पाहिलं.

"म्हणजे मे महिन्यात तो चांगलाच होता?"

"हो."

"मी ट्रंक भरून ठेवली होती," ती म्हणाली. "तुमचं पत्र आल्यावर चार दिवस तशीच ठेवली. म्हटलं, दुसरं येईल."

 मी म्हटलं, आता चला. दिवा रात्रभर टिकतोय, मी स्वतः पाहिलंय.

"आता मला बालवाडीतली पंधरा पोरं सोडून निघता येणार नाही. उन्हाळ्यापर्यंत तरी नाही. मग बघू." ती चिडली नव्हती. चिडली असती तर मी काही तरी बोललो असतो. "चहा टाकते," म्हणून ती आत गेली.

मी ओट्यावर खाटेवर बसून होतो. तेवढ्यात फाटक वाजलं आणि मुलगी आली. सव्वातीन वर्षांची झाली होती. होळीनंतर मी तिला आत्ता पाहत होतो. दोन वेण्या, कपाळाला टिकली, हातात कुणाची तरी बाहुली. मी हसलो. ती माझ्याकडे बघत थोडी थांबली, मग बाहुली दारात ठेवून आत गेली आणि दोन्ही हातांनी धरून, न सांडता, पाण्याचा तांब्या घेऊन आली. माझ्यासमोर ठेवला. आजीने शिकवलं असणार, किती नीट शिकवलं होतं. मग समोरच्या पायरीवर बसली, फ्रॉक गुडघ्यांवर ओढून घेतला आणि मोठ्या बाईसारखं विचारलं,

"तुमचं गाव कुठलं?"

आत स्टोव्हला पंप मारायचा आवाज थांबला. मी पाणी प्यायलो. तांब्या खाली ठेवला आणि गावाचं नाव सांगितलं.

"लांब आहे?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "लांब आहे."